आई माझ्या सासरी राहिली

माझ्या मुलाची मावशी त्याच्याहून नऊ दिवसांनी मोठी आहे. दोघांची नावं शाळेत घालायला गेले तेव्हा बाईंनी मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा तेच सांगितलं. आता मला त्याचं हसू येतं. पण ज्या दिवशी हे प्रकरण मला कळलं, त्या दिवशी मी आईशी बोलणं टाकलं होतं. माझं बोलणं टाकणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सन एक्याण्णवचा जानेवारी महिना. मी मोनाली, करंज्याच्या काशिराम नाखव्याची मुलगी, पनवेलच्या कोळीवाड्यात दिलेली. माझा नवरा भरत एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आणि माझी सासू सोमी मच्छीमार्केटात बसायची. तिचं तोंड अख्ख्या मार्केटात प्रसिद्ध. कोणी पापलेटला बोट लावून नाक मुरडलं की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. घरात मात्र ती मला कधी घालूनपाडून बोलली नाही. जे बोलायचं ते तोंडावर, आणि बोलून झालं की विसरायची.

मला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई मला न्यायला आली. करंज्याहून उरण, उरणहून एसटीने पनवेल. येताना तिने पाण्याची बाटली बरोबर आणली होती, कारण आमच्यातली जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि माझी आई नियमाची पक्की. ओट्यावर टेकून तिने आपल्या बाटलीतले दोन घोट घेतले. सासूने तांदळाची भाकरी आणि कालवण पुढे केलं तर हात जोडले. पहाटे चारला उठलेली बाई, पोटात अन्नाचा कण नाही. तिचे पाय सुजलेले मला दिसले होते. म्हटलं, बर्फाच्या पाण्यात दिवसदिवस उभी राहते, सुजणारच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत.

निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. डॉक्टर वसुंधराबाईंचं दहा खाटांचं प्रसूतिगृह पनवेलमध्येच, उरण नाक्याजवळ होतं. बाई बोलायला कडक, पण हात हलका. त्यांनी मला तपासलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या, आणि प्रवासाला हरकत नाही असं सांगत होत्या तेवढ्यात आई स्टुलावरून खाली घसरली.

दोघींनी धरून तिला टेबलावर निजवलं. बाईंनी तिच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग त्यांचा हात आईच्या पोटावर गेला आणि तिथेच थांबला.

"ह्यांना कितवा महिना आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी विचारलं, कसला महिना? आईने तोंडावर पदर ओढून घेतला, आणि मला कळायचं ते कळलं.

झालं होतं ते असं. गेल्या पावसाळ्यात तिची पाळी थांबली. वय झालं, आता हे सुटलं, असं तिने धरलं. बरं, नुसतं धरून गप्प बसली नाही. चार बाळंतपणं आणि डोक्यावर पाटी वाहण्यात जन्म गेलेला, निदान ही एक कटकट संपली, म्हणून तिने एकवीरेला नारळ फोडला. दोन महिन्यांनी पोटात काहीतरी हललं. पहिले आठ दिवस तिने वात म्हणून ओवा खाल्ला. मग तिला कोणी सांगायची गरज राहिली नाही. पण तोवर माझी बातमी सगळ्या करंज्यात झाली होती. लेक पोटुशी आणि आईही पोटुशी, लोक काय म्हणतील, माझ्या लेकीला सासरी तोंड दाखवायला जागा राहील का? झाकली मूठ सव्वा लाखाची. लुगडं आवळून नेसली, वरून फडका बांधला, आणि रोज बाजारात जाऊन बसली. फक्त बाबांना सांगितलं होतं. ते काय म्हणाले, असं मी विचारलं.

"बरं म्हनलं," आई पदराआडून म्हणाली. "आन होडीव गेलं."

बाईंनी वय विचारलं तर आईने रेशनकार्डावरचं सांगितलं, पस्तीस. बाईंनी शांतपणे विचारलं, थोरला मुलगा केवढा? पंचवीसचा, मी म्हटलं. मग आई खरं बोलली. रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली तेव्हा ती तिच्या आईच्या पोटात होती. आमच्याकडची जुनी माणसं त्या बोटीवरून वयं मोजतात. बाईंनी सत्तेचाळीसपासून हिशेब केला आणि कागदावर त्रेचाळीस लिहिलं.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. ह्या वयात ब्लडप्रेशर वाढतं, साखरही वाढू शकते, आणि आईचं ब्लडप्रेशर आताच फार आहे. आणखी वाढलं तर झटके येतील, मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतेल. ह्या वयातल्या पन्नास बायकांत एखादीचं मूल मंदबुद्धीचं निघतं. ते आधी कळायची तपासणी मुंबईला होते, पण तिचे महिने उलटून गेले. आईचा सहावा भरला होता. निदान आठवा पुरा करायचा. त्यासाठी गोळ्या, डाव्या कुशीवर निजून राहणं, मीठ बंद, दर चार दिवसांनी तपासणी. करंज्याला जायचं नाव काढायचं नाही. रिक्षाने दहा मिनिटांत दवाखान्यात पोचता येईल अशाच ठिकाणी राहायचं.

"घाबरवायला सांगत नाही, जनाबाई," त्या म्हणाल्या. "ह्या वयाच्या बायका माझ्याकडून मुलं घेऊन घरी जातात. वेळेवर येतात त्या जातात."

"पोर कसं बी असलं तरी माजंच हाय," आई म्हणाली. "पन लेकीच्या घरी मी नाय रावनार."

रिक्षात मी तिच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता. सात महिने मी दिवस मोजत होते. आई मला गरम पाण्याने न्हाऊ घालील, शेक देईल, ताटात वाढून देईल, कोणी उठ म्हणणार नाही. बाईच्या जातीला हे सुख एकदाच मिळतं. ते आता गेलं, आणि तिनेच घालवलं, असं मला वाटत होतं. एकवीस वर्षांची होते मी. त्या वयात माणसाला आपलंच पोट दिसतं.

घरी आल्यावर आई पुन्हा ओट्यावर बसली आणि चारच्या एसटीने जाते म्हणाली. बाटलीतलं पाणी संपलं होतं. ओठ कोरडे पडले होते तरी ती आत येईना. सासू मार्केटातून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आता ही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार, असं मी धरून चालले होते. तिने ऐकून घेतलं, कोपरापर्यंत हात धुतले, माठातून तांब्या भरला आणि आईपुढे ठेवला.

"लेकीच्या घरचं पानी नाय पीत मी, सोमीबाय," आई म्हणाली.

"तुज्या लेकीचं घर हाय कुठं?" सासू म्हणाली. "ह्ये घर माजं हाय. तुज्या लेकीचं व्हायला मला मरायला लागंल. अजून मेले नाय. पी."

आईने तांब्या उचलला आणि अर्धा रिकामा केला. सासूने तिचं बोचकं उचलून आत नेलं. चारची एसटी गेली.

आईला निजून राहणं येतच नव्हतं. हे चेष्टेने म्हणत नाही. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, घरात सावत्र आली, आणि लग्न झाल्यावर माहेर म्हणून ती कधी कुठे गेलीच नाही. दिवसाउजेडी अंथरुणावर पडायचं ते तापाने फणफणल्यावर, एवढंच तिला माहीत. सासूची पाठ वळली की उठायची, कोयता घेऊन मासळी साफ करायला बसायची. एकदा मी तिला खारा बांगडा चोरून खाताना पकडलं. मीठ बंद म्हणजे वरून घालायचं मीठ बंद, बांगडा तर आधीपासूनच खारा आहे, असा तिचा युक्तिवाद. सासूने घरातलं सगळं सुकं खारं बांधून शेजारी ठेवायला दिलं. कोळ्याच्या घरात सुकटीचा वास नाही, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं असेल.

आळीत कुजबुज झालीच. मार्केटात एकीने सासूला टोमणा मारला, सून माहेरी जायची ती विहीण घेऊन बसली का म्हणून. सासूने काय उत्तर दिलं ते मला भरतने सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

बाईंनी आईला बाळाच्या लाथा मोजायला सांगितल्या होत्या. आईला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून सासूने दहा चिंचोके दिले आणि दोन वाट्या. सकाळच्या चहानंतर डाव्या कुशीवर निजायचं, एक लाथ बसली की एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. दहाही त्या वाटीत गेले की झालं. मी अजून तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. एका दुपारी ती अशीच पडली होती, मी शेजारी भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. तिने माझा हात ओढला आणि आपल्या पोटावर ठेवला. आतून धक्का बसला. तेवढ्यात माझ्याही पोटात एक बसली, आणि मला हसू फुटलं. तीही हसली. हसता हसता मी रडले कधी, मला कळलं नाही. मला माझं माहेरपण हवं होतं, आय, असं मी तिला तोंडावर सांगून टाकलं. ती म्हणाली, मला पन तुला द्यायचं व्हतं गो.

त्या दिवसापासून आमचं बोलणं नीट सुरू झालं. औषधांनी ब्लडप्रेशर खाली आलं होतं, फार नाही, पण धरून होतं. बाई दर वेळी पट्टा सोडताना म्हणायच्या, चला, अजून चार दिवस मिळाले. असे चार-चार करत आम्ही मार्चपर्यंत आलो. आईला आठवा संपत आला, मला नववा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. सासू मार्केटात निघायच्या तयारीत होती. मी चहा घेऊन आईजवळ गेले आणि पाहिलं तर दहाही चिंचोके त्या वाटीत. चहा प्यायच्या आधीच. आज लवकर उठलं वाटतं, असं म्हणून मी कप पुढे केला, तर आईचा हात कपाच्या बाजूने हवेत गेला. तिने पुन्हा हात पुढे केला, पुन्हा चुकला.

मी कप खाली ठेवला आणि तिला विचारलं. आधी ती काही नाही म्हणाली. मी आवाज चढवला तेव्हा कबूल झाली. कालपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि सकाळपासून लाथ एकच बसलीय; बाकीचे नऊ तिने स्वतःच टाकले.

"तुजं होऊं दे आदी," ती म्हणाली. "तुजं बाळंतपन करायला आले मी. तुजं झालं की मंग माजं काय बी होऊं दे."

इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही, आणि इतकी मायाही. मी बोंब ठोकली. सासूने पाटी तिथेच टाकली, रस्त्यात उभी राहून रिक्षा अडवली, आणि आम्ही दोघींनी आईला मध्ये बसवलं. नववा भरत आलेली मी एका बाजूला, सासू दुसऱ्या. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, दोघींपैकी पेशंट कोण? सासू म्हणाली, तू खड्डा चुकव.

बाईंनी दारातच पट्टा बांधला. इंजेक्शन दिलं, भुलेच्या डॉक्टरांना फोन केला. आता पोट उघडूनच बाळ काढायचं, थांबलो तर दोघंही हातची जातील, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. नर्सने फॉर्म आणला. नवऱ्याची सही? नवरा समुद्रात, परवापर्यंत येणार नाही. माझे दोघे भाऊ त्याच होडीवर. मी हात पुढे केला, पण मला तेव्हा इतकं कापरं भरलं होतं की पेन धरवेना. सासूने शाईचा डबा मागितला आणि अंगठा बुडवला.

"पेशंटचं आणि तुमचं नातं काय?" नर्सने विचारलं.

विहीण म्हटलं तर ते नातं चालतं की नाही कोणाला ठाऊक. सासूने क्षणभरही विचार केला नाही.

"थोरली बईन हाय मी तिची. लिव."

नर्सने लिहिलं, आणि तिने अंगठा उमटवला.

तासभर आम्ही बाकावर बसून होतो. मी नवस बोलायला सुरुवात केली की सासू गप्प बस म्हणायची, आणि पाच मिनिटांनी तिचेच ओठ हलताना दिसायचे. आधी एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. मग बाई बाहेर आल्या. मुलगी, पावणेदोन किलो. त्यांनी तिचे डोळे, तळहात, छाती सगळं नीट तपासलं होतं. सगळं ठीक दिसतंय, फक्त लहान आहे, दिव्याच्या उबेत ठेवावी लागेल. आणि आई? आईचं ब्लडप्रेशर उतरायला लागलंय, दोन दिवस नजर ठेवायची. मी बाकावर बसल्या बसल्या सासूच्या मांडीत डोकं घातलं. तिच्या लुगड्याला मासळीचा वास येत होता आणि मला तो फार बरा वाटला.

नऊ दिवसांनी त्याच दवाखान्यात मला मुलगा झाला. माझं काहीच अडलं नाही, बाईंना हातही फार लावावा लागला नाही. आईला दूध कमी येत होतं, म्हणून पुढे काही दिवस मी दोघांनाही पाजलं. बहीण एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. माझा मुलगा हावरट, ती बिचारी चार घोट घेऊन दमायची, पण रोज एखादा घोट जास्त घ्यायची. वजनाच्या काट्यावर ती पहिल्यांदा दोन किलो भरली त्या दिवशी बाईंनी स्वतः पेढे मागवले.

सासू मार्केटात गेलीच नाही. तिची जागा तिने शेजारणीला सांभाळायला दिली आणि घरात दोन खाटा शेजारी शेजारी मांडल्या. सकाळी आधी आईला न्हाऊ घालायची, मग मला. आईच्या पाठीला तेल लावताना आई संकोचाने नुसती आवळून बसायची. सासू म्हणायची, सैल सोड गो, पाट हाय की फळी.

हे सगळं नुकतंच सुरू होत होतं, तेव्हाची, आईच्या बाराव्या दिवसाची गोष्ट. मला घरी आणून काही तासच झाले होते, तेव्हा बाबा आले. मधे तिसऱ्या दिवशी ते एकदा बाळ बघून गेले होते, काय बोलावं ते न सुचून सारखी टोपी हातात फिरवत होते. आज मात्र ते आईला न्यायला आले होते. आमच्या चारही वेळेला असंच झालं होतं. बाराव्या दिवशी बाबा म्हणायचे, चल, आणि आई पाटी डोक्यावर घ्यायची. त्यात कोणाला वावगं वाटलं नव्हतं, आईलाही नाही. बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांना कोणी दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

दारात उभे राहून ते म्हणाले, मासळी पडून राहते, पोरांना खायला धड मिळत नाही, बाहेर टेम्पो थांबवलाय.

आईने सवयीने गोधडी बाजूला केली. पाय खाटेखाली सोडले. अंगठे जमिनीला टेकले, आणि तिथेच ती थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चुलीपाशी बसलेल्या माझ्या सासूकडे.

"तुमी जा," ती बाबांना म्हणाली. "मी मायेरी आलेय. सव्वा म्हयना झाल्याबिगर नाय येत."

बाबांना काय ऐकलं ते कळायला वेळ लागला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्या सासूकडे पाहिलं. काही झालं तरी ती विहीण, लाजेकाजेस्तव तरी आपली बाजू घेईल, असं त्यांना वाटलं असावं.

सासूने चुलीवर चहाचं पाणी वाढवलं.

"बसा, जावय," ती म्हणाली. "चा घ्या. पोचवायला आमी येऊ."

बाबा टोपी काढून ओट्यावर बसले. आईने पाय उचलून पुन्हा खाटेवर घेतले.